शिवेवरचे दोन बार

मी लग्न होऊन पोंभुर्ण्याकडे आले, तेव्हा गावात मला कोणी सून म्हणत नव्हतं. 'मोगलाईतली' म्हणायचे. माझं माहेर राजुऱ्याचं. तिथलं निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि नदीच्या अलीकडच्या लोकांची पक्की समजूत होती, की पलीकडचे आम्ही सगळे उशाशी तलवार घेऊन झोपतो. माझं तोंड आधीच तिखट. सासूबाईंना एकदा विचारूनच टाकलं, तलवारी आमच्याकडे, मग तुमच्या देवघराच्या भिंतीला ही एवढी लांब बंदूक कशाला?

सासूबाई म्हणाल्या, ती बंदूक नाही, अर्धी बंदूक आहे. उरलेली अर्धी धाकट्या घरी.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आजेसासरे पलटणीत होते. नोकरी संपवून घरी निघाले तेव्हा कुण्या साहेबाने खूश होऊन त्यांना दोन जुन्या लष्करी रायफली दिल्या, परवान्यासकट. पलटणीने त्या बाजूला टाकलेल्या आणि दोन वेगळ्या कारखान्यांतल्या, त्यामुळे एकीचा बोल्ट दुसरीला बसायचा नाही, काडतुसं मात्र दोघींना एकच. बोल्ट म्हणजे मागे ओढून काडतूस भरायचा लोखंडी दांडा. तो नसला तर रायफलीचा उपयोग फार तर कुत्रं हाकलायला. घरात या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. दोन मुलांची वाटणी करायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याने थोरली थोरल्याला दिली, धाकटी धाकट्याला दिली, आणि बोल्ट मात्र उलटे दिले. थोरलीचा बोल्ट धाकट्याकडे, धाकटीचा थोरल्याकडे. विचारलं तर म्हणे, तुम्ही दोघंही डोक्याने गरम. एकमेकांवर बंदूक रोखायची झाली, तर बोल्ट समोरच्यालाच मागावा लागेल. तेवढ्यात राग उतरेल.

गाव हसलं. म्हातारा मोठा खोडील, असं अजूनही म्हणतात.

पण व्यवस्था चालली. दसऱ्याला दोघे भाऊ एका चटईवर बसायचे, रायफली पुसायचे, तेल द्यायचे, एकमेकांकडून आपापल्या रायफलीचा बोल्ट घेऊन चढवायचे आणि शिवेवर जाऊन दोन बार काढायचे. गोळी काढून घेतलेली काडतुसं, नुसता आवाज. घरात मुलीचं लग्न असलं की वरात शिवेवर आली म्हणजे तसेच दोन बार. ते झाले की बोल्ट परत उलट्या घरी. पंचक्रोशीत आमचं घर 'दोन बारांचं घर' म्हणून ओळखलं जाई, आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे, हे सांगताना मिशी उगाच कुरवाळत.

मी आले त्याच वर्षी चैत्रात दोघे भाऊ भांडले. कशावरून, तर मोहाच्या झाडावरून. झाड बरोबर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, बांधावर उभं. फुलं पडायची दोन्हीकडे. मामाजींचं म्हणणं, बुंधा माझ्याकडे कललाय. धाकटे भाऊ, म्हणजे काकाजी, यांचं म्हणणं, मुळं माझ्याकडे आहेत. दोन शहाणी, कर्ती माणसं, पण सकाळी उन्हं यायच्या आत झाडाखाली उभं राहून त्यांनी असे वाद घातले की बैलांनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दसरा आला आणि कोरडा गेला. शिवेवर एकही बार निघाला नाही, आणि आपट्याची पानं वाटताना दोघेही देवळाच्या दोन दारांनी बाहेर पडले.

आम्हा बायकांचं काही बंद नव्हतं. सासूबाई आणि काकू, दोघी जावा, तळ्यावर धुणं धुताना रोज भेटत आणि आपापल्या नवऱ्यांची मनसोक्त उणीदुणी काढत. मीही त्यात भर घालत असे. काकूंची मुलगी, माझी चुलत नणंद, माझ्याच वयाची. तिचं आणि माझं मेतकूट जमलेलं.

हिचंच लग्न ठरलं. मुलगा एटापल्लीच्या वाटेवरच्या गावचा, भला, शेती करणारा. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नवऱ्या मुलाचा मोठा काका आला होता. पोट पुढे, बोलणं त्याहून पुढे. जेवता जेवता म्हणाला, दोन बारांच्या घरची सून घेतोय, तर शिवेवर दोन बार मोजूनच वरात आत आणू. एकच वाजला, तर घर फुटलंय म्हणायचं, आणि फुटल्या घरची मुलगी आम्हाला नको. सगळे हसले. पण काकूंच्या हातातलं वाढणं थांबलेलं मी पाहिलं. याच माणसाने मागे कुठल्याशा लग्नात मानपानावरून वरात अर्ध्या वाटेवरून फिरवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता काय करायचं? मामाजी म्हणाले, त्याच्या पोरीचं लग्न आहे, त्याने यावं, बोल्ट मागावा, देतो. काकाजी म्हणाले, पोरगी त्याची पुतणी आहे, न मागता द्यायला हवा. दोघेही नाकावर माशी बसू देत नव्हते. नणंद मात्र सुकत चालली. एक दिवस तळ्याच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "वहिनी, वरात फिरली त मी घरात नाई येत परत. या तळ्यातच जाते." पोरगी थट्टेखोर, पण त्या दिवशी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन म्हाताऱ्यांच्या ताठ्यापायी हिने जीव द्यायचा?

मी तिथल्या तिथे ठरवलं. आपणच बोल्ट बदलायचे. सासूबाई आधी घाबरल्या, मग त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून मला कळलं की ही बाई तरुणपणी माझ्यासारखीच असणार.

आमच्याकडचा बोल्ट तांदळाच्या मडक्यात पुरलेला असे, गंज चढू नये म्हणून. काकूंकडचा चक्क देव्हाऱ्यात. काकू त्याला रोज हळदकुंकू वाहत. लक्ष्मीच्या शेजारी बंदुकीचा बोल्ट, आणि तोही दुसऱ्याच्या बंदुकीचा! मामाजी जेवून सपरीत, म्हणजे ओसरीवर, लवंडले की आमचा मी टोपलीत घालून नेणार, आणि काकू त्यांचा सुपातल्या डाळीखाली घालून आणणार, असं ठरलं.

पुन्हा चैत्र चालू होता. टोपलीत मोहफुलं भरली. खोटं कशाला बोलू, फुलं मी मुद्दाम त्या भांडणाच्या झाडाखालचीच वेचली होती. भांडणापासून ती कोणीच वेचत नव्हतं, सगळी गुरांच्या पोटात जात होती. मला ते बघवत नव्हतं, आणि खोड काढायचीही हौस होती.

मी सपरीतून पाय न वाजवता चालले होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "काय घेऊन जाऊन राह्यली वो?"

म्हटलं, मोहफुलं, काकूंना द्यायला.

"कोन्त्या झाडाचे?"

शहाण्या सुनेने खोटं सांगितलं असतं. मी सांगून बसले, "त्याच."

मामाजी उठून बसले. भुवया कपाळात. त्यांनी टोपलीत हात घातला. वेचलेली फुलं त्याच झाडाची आहेत का हे त्यांना हाताने कळणार होतं, की सगळी टोपली अंगणात उपडी करायची होती, देव जाणे. हात मनगटापर्यंत आत गेला आणि थांबला.

मी डोळे मिटून घेतले. आता घर डोक्यावर घेतील, माहेरी पाठवतील, मोगलाईतल्या चोरांच्या जातीचा उद्धार होईल, सगळं मनात येऊन गेलं.

हात हळूच बाहेर आला. मुठीत दोन फुलं. त्यांनी त्यातलं एक तोंडात टाकलं, चघळलं, आणि पुन्हा आडवे होत भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जड हाय. पडू नको देजो."

मी तिथून जी पळाले ती काकूंच्या चुलीपाशी जाऊन थांबले. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग पदराने डोळे पुसायला लागल्या.

काकाजींची तऱ्हा नणंदेने सांगितली. सकाळी पूजेला बसले, देव्हाऱ्यात आपल्या रायफलीचा बोल्ट दिसला. मंत्र तोंडातच राहिला. बायकोकडे पाहिलं, तर ती ताक घुसळण्यात गर्क. पूजा आटोपली आणि भिंतीवरची रायफल काढून तेल मागितलं. आमच्याकडे मामाजींनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात येऊन तांदूळ निवडायला मदत करू का म्हणून विचारलं. मडक्यात हात घातला, हवं ते घेतलं, आणि एकही दाणा न निवडता निघून गेले. मामाजींना टोपलीतलं ठाऊक होतं, तरी दोघांनाही वाटत होतं, आपला बोल्ट समोरच्याने आपणहून पाठवलाय. आम्ही मूग गिळून बसलो.

लग्नाच्या दिवशी दुपार कलताना बैलगाड्यांची रांग शिवेवर आली. आम्ही बायका कलश घेऊन उभ्या. रस्त्याच्या एका बाजूला मामाजी थोरली घेऊन, दुसऱ्या बाजूला काकाजी धाकटी घेऊन. मध्ये रस्ता, आणि त्यावर वर्षभराचा अबोला. नवऱ्याकडचा तो काका पहिल्याच गाडीत, बोटं मोजायच्या तयारीत.

मामाजींनी बार काढला. बैल बुजले, पोरं ओरडली. मग काकाजींनी चाप ओढला.

टिक.

पुन्हा बोल्ट ओढला, दुसरं काडतूस घातलं. पुन्हा टिक. जुनी काडतुसं, कुठे ओल लागलेली. काकाजींचा चेहरा पांढरा पडला. गाडीतल्या काकाने गाडी फिरवायला सांगावं तसा कासरे धरणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझी नणंद घरी हळदीच्या अंगाने कान देऊन बसली असणार, एक बार ऐकला असणार आणि दुसऱ्याची वाट बघत असणार.

मामाजी रस्ता ओलांडून आले. कमरेच्या पिशवीतून आपलं काडतूस काढून त्यांनी भावाच्या तळहातावर ठेवलं. काकाजी खाली मान घालून म्हणाले, "भाऊ." एवढंच.

दुसरा बार असा वाजला की जंगलातले पक्षी उडाले. मी त्या पोटवाल्या काकाच्या गाडीजवळ जाऊन अगदी गोड आवाजात विचारलं, मोजले ना नीट, की कानात कापूस होता? वऱ्हाडातल्या बायका खो खो हसल्या. तोही हसला, दुसरं करतो काय. वरात आत आली.

लेक सासरी गेली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी मांडवात काकाजी चटई टाकून रायफल पुसत बसले होते. मामाजी आपली थोरली खांद्यावर टाकून आले, उभ्याउभ्या तिचा बोल्ट काढला आणि भावापुढे धरला. म्हणाले, हा घे, आणि माझ्याकडे असायचा तो मला परत दे.

माझं डोकं तडकलं. एवढी चोरी केली, एवढी भीती सोसली, दोन्ही बंदुका एकदाच्या पुऱ्या झाल्या, आणि हे पुन्हा अर्ध्या करायला निघाले? मी तोंडावर बोलले, मामाजी, आता कशाला बदलता, आता तर भांडण मिटलं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाकडे बघत म्हणाले, "माही पुरी माह्यापाशी राह्यली, त याच्या दारी यायले मले निमित्त कोन्तं राह्यते?"

काकाजींनी आपला बोल्ट काढला, त्यांच्या हातात दिला, आणि सरकून चटईवर त्यांना जागा करून दिली.