लाल नाव

माझ्या पोरीचं गाव मी माझ्या हातानं जाळलं. मोबाइलच्या खेळातलं गाव होतं, खरं थोडंच होतं, असं म्हणून मी अंग काढून घ्यायला गेलो, तर बायको म्हणाली, "गाव खेळातलं होतं, पोर तर खरी आहे ना?"

आम्ही गुजरातेत उधन्याला राहतो. मी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मशीन चालवतो; इथे कारखान्याला सगळे खातंच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही धुळे-जळगावकडचे पाच-सहा जण या खेळाच्या नादी लागलो. प्रत्येकानं आपलं गाव वसवायचं, घरं, विहीर, गोठा, भोवती तट. सगळ्यांची गावं एकाच मोठ्या नकाशावर. टोळी करायची आणि एकमेकांना राखायचं. बघता बघता आम्ही तीस झालो. कोणी लिंबायतचा, कोणी इच्छापोरला कंत्राटावर, पण सगळे घरी अहिराणी बोलणारे.

खेळात दुसऱ्याच्या नावाला रंग देता येतो. आपला माणूस हिरवा, अनोळखी पांढरा, वैरी लाल. आमच्या टोळीत रंग द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी नाव लाल केलं की तिसांनी तुटून पडायचं, का म्हणून विचारायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. खात्यात माझा शब्द कोण ऐकतो? इथे तीस माणसं ऐकत होती.

लाल कोणाला करायचं याचा नियमही माझाच. कोणी अनोळखी आमच्या शेजारी वसायला आला की मी निरोप पाठवायचो, "तू कोन गावना शे?" तू कुठल्या गावचा? अहिराणीत उत्तर आलं की हिरवा. दुसऱ्या कुठल्या भाषेत आलं की लाल. याला आम्ही वेशीवर अडवणं म्हणायचो. मध्यंतरी एक जण आम्हाला आतून लुटून पसार झाला. तो तर आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलायचा! तरी नियमात काही खोट आहे असं एकालाही वाटलं नाही. उलट आम्ही तो आणखी कडक केला. लाल झालेल्यानं स्वतः फोनवर यायचं, सगळ्यांसमोर अहिराणीत बोलायचं, तेव्हाच लाल पुसायचं.

अशात नदीपलीकडे, माझ्या बरोब्बर समोर, एक नवीन गाव दिसायला लागलं. रोज थोडं थोडं वाढायचं. मी लक्ष ठेवलं. मी घरी खेळायला बसलो की तिकडेही दिवा लागायचा, मी उठलो की विझायचा. मी विहिरीशेजारी गोठा बांधला, चार दिवसांनी तिकडेही विहिरीशेजारी गोठा. हल्ला कधी केला नाही, चोरी केली नाही, नुसतं समोर बसून राहणं. मी टोळीत सांगितलं, हा हेर आहे. सगळे म्हणाले, हेरच तो, भो, नाहीतर आपली नक्कल कशाला करेल?

एका रविवारी दुपारी जेवण करून मी पलंगावर आडवा झालो. फोन स्पीकरवर, टोळीतले सगळे बोलत होते. मी समोरच्या गावाला सवाल टाकला, "तू कोन गावना शे?" गुजरातीत उत्तर आलं, "हुं तो अहींनी ज छुं." मी तर इथलीच आहे.

माझं डोकंच फिरलं. इथलीच म्हणे! फोनवर एक जण हसला, "पोरीच्या नावानं येतात हे, भो, कर लाल." मी केलं. पाच मिनिटांत तीस जण नदी उतरले. पहिली आग मीच लावली, त्या गोठ्याला. तिकडून निरोप यायला लागले, "ऊभा रहो, ऊभा रहो", थांबा, थांबा. मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो आणि सगळे खिदळत होते.

तेवढ्यात गॅलरीतून हुंदका ऐकू आला. तेरा वर्षांची माझी पोर आईचा फोन छातीशी धरून दारात उभी. "पप्पा, थांबवा ना. ते माझं आहे."

मी ओरडलो, थांबा रे, थांबा! पण तीस माणसं अशी थांबतात होय? थांबली तेव्हा विहीर तेवढी उरली होती.

तीन महिने तिनं ते वसवलं होतं, आई स्वयंपाकाला लागली की तिच्या फोनवर. का, तर रविवारी पप्पा फक्त त्या फोनशी बोलतात, म्हणून तिला वाटलं, आपण त्यात जाऊन शेजारी राहावं. कधीतरी ओळखतील. माझ्यासमोर बसून राहणं, माझ्यासारखा गोठा बांधणं, माझ्याच वेळेला येणं, हे मला सगळं दिसलं होतं. मी त्याचा हेर केला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. विचारलं तर हो, नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून गॅलरीत. मला घर खायला उठलं. मी टोळीत सगळं सांगितलं, म्हटलं, आधी तिचं नाव हिरवं करतो. माणसं वाईट नव्हती, सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. तिचं गाव परत उभं करून द्यायला तिसांनी लाकूड-दगड कबूल केलं. पण एकानं हळूच आठवण करून दिली, नियम. तो म्हणाला, "पोरले फोन दे ना भो. दोन शबद बोलनी का झायं." पोरगी दोन शब्द बोलली की झालं. मला वाटलं, बरंच आहे, सगळे लाड करतील, तीही हसेल.

पुढच्या रविवारी मी तिला हाताला धरून आणलं. फोन स्पीकरवर ठेवला. तोच माणूस अगदी मायेनं म्हणाला, "बेटा, तू कोन गावनी शे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, "काका, मला समजतं सगळं. पण बोलता येत नाही. पप्पांनी बंद केलं होतं."

खरं होतं. पहिलीत असताना ती शाळेत अहिराणीत काहीतरी बोलली, पोरं हसली, ती रडत घरी आली. मी भडकलो, तेही तिच्यावरच! म्हटलं, आजपासून अहिराणीत तोंड उघडायचं नाही, गुजराती बोल, चांगली खणखणीत बोल. कारण मी या शहरात आलो तेव्हा खोली शोधत फिरायचो आणि दारोदार एकच सवाल, "क्यांना छो?" कुठले तुम्ही? तोंड उघडलं की माझं बोलणं ऐकायचे आणि खोली भरलेली निघायची. एका म्हाताऱ्या गुजराती बाईनं काही न विचारता किल्ली दिली, म्हणून आम्ही टिकलो. माझ्या पोरीला कोणी तसं विचारू नये एवढंच मला हवं होतं. पुढे हातात खेळ आला, आणि तोच सवाल मी लोकांना विचारत बसलो. तिनं मी शिकवलेल्या भाषेत खरं तेच उत्तर दिलं होतं. ती जन्मली इथे, वाढली इथे.

फोनवर कोणीतरी खाकरून म्हणालं, "जाऊ द्या तो नियम. भो, करा हिरवं."

मी तिच्यासमोरच फोन घेतला, तिच्या नावावर बोट ठेवलं. रंग विचारणारी चौकट उघडली.

"पप्पा, हिरवं नको."

"अगं, मग काय करू?"

"पांढरं करा." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही मला कुठे ओळखता?"

मी पांढरं केलं. ती गॅलरीत निघून गेली.