माईक हातात आला आणि मी बाप झालो

मला मुलगी नाही. जावई मात्र आहे, आणि एक खणखणीत विहीणसुद्धा आहे. वैद्यकशास्त्राला न झेपणारं हे यश मी एका दुपारी, भर मांडवात, माईक हातात धरून मिळवलं.

त्याचं झालं असं. आमचे मित्र हमीदभाई दर उन्हाळ्यात गरिबाघरच्या पोरींची सामुदायिक लग्नं लावतात. एकाच मैदानात इकडं निकाह, तिकडं मंगलाष्टकं, आणि जेवणाची पंगत एकच. मी दरवर्षी एखादं लोखंडी कपाट देऊन मोकळा व्हायचो. (फोटो निघेपर्यंत थांबायचो, ते सोडा.) यंदा हमीदभाई बिथरले.

"क्या मियाँ, हर साल सामान दे के गायब! इस बार रुको. एक बच्ची है, रेणुका. माँ-बाप नहीं. मामा मांडवाच्या दारात सोडून परत जानेवाला है. कन्यादान तुम और भाभी करो."

"एवढंच ना? हातावर पाणी सोडायचं? आलोच!"

पाणी सोडलं. मुलगा पिशोर गावचा, दत्ता नावाचा, बिचारा गरीब गाय. गोष्ट तिथंच संपायची. पण कुण्या शहाण्यानं माझ्या हातात माईक दिला! समोर लाखभर माणसं. (बरं, हजार. बरं, पाचशे तरी नक्कीच.) मला भरून आलं आणि मी गरजलो, "आजपासून ही माझी लेक! माझं घर हिचं माहेर! सणाला हिला न्यायला हा बाप स्वतः येईल!"

टाळ्यांनी मांडव हलला. एकट्या दत्ताच्या आईनं, गयाबाईंनी, टाळी वाजवली नाही. बाजारात बैलाचे दात बघावेत तशा त्या माझ्याकडं बघत होत्या.

दिवाळी तोंडावर आली. आमच्या सोसायटीची पाण्याच्या टँकरवरून मीटिंग चालू होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावून बोलतो.

"बाबा, न्यायला कधी येताय?"

"कोण बोलतंय?"

"मी! तुमची मुलगी, पिशोरहून!"

टँकरचं भांडण जागच्या जागी गोठलं. चेअरमनच्या तोंडातलं बिस्कीट बाहेर आलं. समोरच्या काकूंनी माझ्या बायकोकडं, सुनंदाकडं, अशा कळवळ्यानं पाहिलं की मी तिथल्या तिथं सतरंजीखाली जायला तयार होतो!

सुनंदा मात्र थंडपणे म्हणाली, "उद्या येतो म्हणा तिला."

घरी येऊन मी उसळलो, "अगं, खरंच जायचं? ती आपली बोलायची पद्धत असते!"

"तुमची असते. तिची नाही. तिनं ते खरं धरलंय."

हमीदभाईंना फोन लावला, तर ते हसत सुटले. "मियाँ, पूरे मांडव के सामने बोले ना? अब निभाओ!"

मी मनाशी पक्कं ठरवून एसटीत बसलो. साडी द्यायची, चहा प्यायचा, आणि नम्रपणे सांगायचं की मी साधा देणगीदार आहे, बाप वगैरे भावनेच्या भरात झालो.

पिशोरला गल्लीत वळलो आणि पायच थबकले. ओट्यावर नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन रेणुका बसली होती. मला पाहताच ती उठली. तिनं आधी शेजारच्या ओट्याकडं मान वळवून बघितलं.

"या व्याही," गयाबाई म्हणाल्या. "पहाटंपासून बसलीया. ही शेजारची कमळी म्हणती, भाड्याचा बाप दिवाळीला येत नसतो. मला बी तसंच वाटलं व्हतं. लपवू कशाला?"

मी 'गैरसमज' म्हणायला तोंड उघडलं. त्यातलं 'गै' बाहेर आलंही. पण तोवर गल्ली जमली होती, आणि गर्दी दिसली की मला माईक लागत नाही.

"भाड्याचा? अहो, लेकीला न्यायला आलोय! आणि एकटीला नाही, सगळ्यांना! आमच्या घरात वीस पाहुणे आले तरी कुठं हरवले कळत नाही!"

"व्हय, रेणुका बी तेच सांगती. बंगला हाय, मागं बाग हाय, दारात पांढरी गाडी हाय."

मी रेणुकाकडं पाहिलं. रेणुकानं जमिनीकडं पाहिलं. (आमच्या सिडकोत दोन खोल्या आहेत आणि कुंडीत ओवा आहे. पांढरी गाडी दारात असते खरी, पण समोरच्यांची.)

"चला की मंग, बघू!" गयाबाईंनी तिथल्या तिथं जीप ठरवली. जीपमध्ये विहीण, व्याही, जावई, दोन चुलते, एक आत्या, आणि कमळीसुद्धा. साक्षीदार म्हणून!

सुनंदा चकल्या तळत होती. दार उघडून तिनं पाहुण्यांवर नजर फिरवली, परातीतल्या चकल्यांवर फिरवली, मग माझ्यावर रोखली. त्या नजरेत कढईपेक्षा जास्त उकळी होती.

चुलते गॅलरीत मावले, आत्या पलंगावर, जावई वॉशिंग मशीनला टेकला. गयाबाईंनी एक गिरकी घेतली. घर तेवढ्यातच संपलं.

"बंगला कुठंय?"

कमळीनं पदराआड तोंड नेलं. रेणुकाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. आता पोरगी त्या गल्लीत जन्मभराची खोटारडी ठरणार! माझ्या जिभेला राहवेना.

"बंगला रंगवायला दिलाय!"

"आन् बाग?"

"ती पण!"

"गाडी?"

"गाडी बागेत आहे!"

गयाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या अशा हसल्या की चुलते गॅलरीतून आत आले.

"ऐकलंस का गं कमळे? भाड्याचा म्हणतीस व्हय? अगं, म्हैस दोन लिटर दूध देती, तर ही पोरगी साऱ्या गल्लीला धा लिटर सांगती! म्या म्हणायची, कुणावर गेली असंल? आज घावलं! रक्तातला असल्याबिगर इतका सारखा फेकणारा बाप घावत नसतोय!"

मी हादरलो. फेकतो? मी? बायकोनं माझी बाजू घ्यावी म्हणून मी आशेनं सुनंदाकडं वळलो.

तिनं रेणुकाच्या हातात गरम चकली ठेवली आणि विहिणीला म्हणाली, "हिला काय बोलायचं, विहीणबाई? आमच्या ह्यांच्या घराण्यातच आहे ते!"