किल्लीवाल्यांची बंद पेटी

किल्लीवाल्यांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. ज्या माणसाचा उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात गेला, तो दाराकडे तुमच्याआमच्यासारखा बघत नाही. आपल्याला दार दिसतं. त्यांना ते किती सहज उघडेल ते दिसायचं. बाजाराच्या तोंडाशी टेबल टाकून ते किल्ल्या घासायचे, आणि तयार किल्ली हातात देताना गिऱ्हाइकाला असं निरखून बघायचे की भल्या माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटू लागायचं.

बायको गेल्यावर भाड्याचं घर त्यांना खायला उठलं. लेकीने आपल्याकडे राहायला बोलावलं, पण लेकीच्या घरात जावई होता आणि जावई उगाच हसायचा. सासऱ्याला बघून जो हसतो त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, असं किल्लीवाल्यांचं पक्कं मत होतं. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लांबलचक गाडीची मागची सीट काढली, तिथे फळी टाकली, फळीवर गादी टाकली आणि राहू लागले. लेक भेटायला येऊ लागली तशी त्यांनी दोनदा न सांगता गाडीच दुसरीकडे हलवली. जावयाने पाठवली असेल, पैशाअडक्याची चौकशी करायला! दुसऱ्या वेळी बिचारी कितीतरी दिवस शहरभर शोधत फिरली, तेव्हा कुठे बाप सापडला.

आता ती गाडी एका बंद गोदामामागच्या आवारात उभी होती. तिथे असेच गाडीत राहणारे आणखी काही जण होते. जागामालकाने नेमलेला एक मुकादम फाटकाजवळच्या खोलीत बसायचा, आणि त्याचा कायदा एका दमात सांगून व्हायचा: गाडीच्या आत चूल पेटवायची नाही, गॅस गाडीत घेऊन झोपायचं नाही, आणि कुठेही गॅसचा वास आला तर ती गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आवाराबाहेर. आवाराच्या कोपऱ्यात जमिनीवर गाडीएवढा काळा डाग होता. तिथे पूर्वी एक गाडी जळाली होती. त्यामुळे या कायद्यावर कोणी हुज्जत घालत नसे.

स्वयंपाकाच्या बाबतीत किल्लीवाले तसे शिस्तीचे. गाडीचं मागचं दार वर उचलून, चार पावलं लांब, वारा पाठीशी घेऊन ते एका बर्नरची शेगडी मांडायचे. भात, उकडलेले बटाटे, अंडी, चहा. यापलीकडे त्यांची मजल नव्हती. शेगडीला रबरी नळी, नळीला गॅसचा छोटा डबा. स्वयंपाक झाला की बाकीचे लोक नळी सोडवून डब्यावर टोपण बसवायचे आणि डबा गाडीबाहेरच्या पेटीत ठेवायचे. त्या पेट्यांना बुडाशी जाळी असायची. गॅस हवेहून जड, गळलाच तर खाली उतरून निघून जावा म्हणून.

इथेच आमच्या किल्लीवाल्यांची अक्कल आडवी आली. जाळी म्हणजे काय? चोराला दिलेलं आमंत्रण! जिथून गॅस बाहेर जातो तिथून तार आत जाते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी गाडीच्या मागे जाड पत्र्याची पेटी बसवली, झाकणाला रबराची पट्टी लावली, बुडाच्या भोकांत पुट्टी भरली आणि स्वतः घडवलेलं कुलूप ठोकलं. वर आणखी एक हुशारी केली. डब्याची नळी ते कधी सोडवायचेच नाहीत. शेगडी, नळी आणि डबा एकत्र जोडलेलं असं धूड साखळीने बांधलं की पळवायला जड जातं! असं सगळं कडेकोट करून ते समाधानाने झोपायचे.

आणि तरी डबा हलका व्हायला लागला.

हातात धरल्याबरोबर त्यांना कळायचं. दोन वेळचा भात आणि चहा यांत एवढा गॅस जाणं शक्य नव्हतं. सकाळी पेटी उघडली की भपकन वास यायचा. कोणीतरी येतं, डबा उघडतं, गॅस काढून घेतं आणि घाईत तोंड नीट बंद करत नाही, असा त्यांनी निकाल लावला. मग त्यांनी झाकणाच्या सांध्यावर थुंकीने एक दोरा चिकटवला. बुधवारी बाजारातून परतले तर दोरा तुटलेला. कुलपावर मात्र ओरखडासुद्धा नाही. बुडाशी बघतात तर पुट्टी गायब आणि शेजारी एक नवंकोरं भोक! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी सगळी भोकं पुन्हा पुट्टीने बुजवली. पुढच्या बुधवारी पुट्टी पुन्हा गायब.

संशय घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. शेजारच्या गाडीत शिवणवाल्या बाई राहायच्या. त्यांच्या गाडीचं इंजिन केव्हाच मेलं होतं, टायरांखाली विटा होत्या, आणि मागच्या सीटवर हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं. लोकांचे कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं यावर त्यांचं चालायचं. दिवसभर त्या आवारातच. म्हणजे संधी होती. हल्ली दुपारच्या वेळीही चहा करायच्या. म्हणजे गॅस होता. एवढ्यावर किल्लीवाल्यांनी त्यांना मनातल्या मनात फासावर चढवलं होतं.

त्यात एके सकाळी बाईच आपण होऊन बोलायला आल्या.

"अहो किल्लीवाले, तुमच्या त्या पेटीला वास मारतो हो."

"तुम्हाला कसा कळला? नाक लावून बसला होतात की काय?"

"नाक लावायला कशाला पाहिजे? वारा इकडचा असला की माझ्या उशीपर्यंत येतो. ती नळी सोडवून ठेवा ना."

"सोडवतो. म्हणजे न्यायला सोपं!"

"कोणाला न्यायला?" बाई बघतच राहिल्या. "हे बघा, तुमची काळजी करायला मला वेळ नाही. पण माझं मशीन जळालं तर मी जगायचं कशावर?"

वा, काय नाटक आहे! किल्लीवाल्यांच्या मनात आलं. चोर आपणच येऊन चोरीची बातमी देतो म्हणजे केवढा पोचलेला! त्यांनी गाडीची काच वर केली. काच वर करणं हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं.

तिसऱ्या बुधवारीही पुट्टी निघालेली पाहिल्यावर ते तडक फाटकावर गेले. चोरीचं नाव त्यांनी काढलं नाही, पुरावा नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं की शिवणवाल्या बाईंच्या बाजूने रोज गॅसचा वास येतो. मुकादम चपला सरकवून निघाला. दोन गाड्यांच्या मधे उभं राहून त्याने नाक वर केलं. वास होताच. तो कोणत्या बाजूचा, हे वाऱ्याला थोडंच विचारता येतं?

"बाई, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची," मुकादम म्हणाला.

"अहो, ती हलते का? बघताय ना विटा? आणि वास माझा नाहीच."

"मग क्रेन येईल. वास म्हणजे वास. त्या कोपऱ्यात काय झालं ते मी बघितलंय, तुम्ही नाही."

बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. क्रेनने नेलेली गाडी भंगारातच जाते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आत जाऊन लोकांचे कपडे घड्या घालून बाजूला काढू लागल्या, निदान ते तरी ज्याचे त्याला पोचावेत म्हणून. काचेतून हे बघताना किल्लीवाल्यांना आधी बरं वाटलं. मग तितकंसं बरं वाटेना. पण सुटलो एकदाचे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला दांडी मारून त्यांनी कुलूप खोललं. बाईने ते उघडलं तरी कसं, हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना. शिलाईच्या सुईने त्यांचं कुलूप उघडावं, हा तर त्यांच्या हाताचा अपमान होता! आतला भाग काढून त्यांनी भिंगाखाली धरला आणि आतल्या खिट्ट्या एकेक करून बघितल्या.

खिट्ट्यांवर तारेच्या खुणा होत्या. अगदी बारीक, सफाईच्या. कुलूप उघडणारा कोणीही समोरच्या खिट्टीपासून सुरुवात करतो. या खुणा सगळ्यात मागच्या खिट्टीपासून सुरू होऊन पुढे आल्या होत्या. असं काम करणारी या शहरात दोनच माणसं होती. एक ते स्वतः. आणि दुसरी, लहानपणी परकर सावरत त्यांच्या टेबलाखाली बसून मोडक्या कुलपांशी खेळणारी त्यांची लेक. तिचा हात धरून त्यांनीच शिकवलं होतं, मागून पुढे ये, घाई करू नकोस.

त्यांनी फोन लावला.

"तू माझी पेटी उघडतेस?"

लेक म्हणाली, "दर बुधवारी. तुम्ही दिवसभर बाजारात असता तेव्हा."

"आणि गॅस?"

"गॅस मी कशाला घेऊ, बाबा? तुमच्या नळीचं वायसर चपटं झालंय. जोडून ठेवता ना सारखं, त्यातून गळतो. पहिल्यांदा पेटी उघडली तर आत नुसता गॅस कोंडलेला. तुम्ही तिथेच काडी ओढली असतीत तर? म्हणून मी भोक पाडलं. पुट्टी काढली. तुम्ही परत भरली, मी परत काढली. काल वायसरही बदललं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की तुम्ही गाडी हलवता," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी दवाखान्यांतसुद्धा विचारत फिरले होते. त्यापेक्षा म्हटलं, गुपचूप भोकं पाडत राहावं. निदान तुम्ही कुठे आहात ते तरी माहीत असतं."

किल्लीवाल्यांनी फोन ठेवला. लाज म्हणजे काय ते या वयात त्यांना नव्याने कळलं, आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं. कोणी काही चोरलं नव्हतं. त्यांनी स्वतःच गॅस कोंडून वाया घालवला होता, आणि त्याबद्दल शेजारी एक बाई आपलं घर गमावत होती. समोर बाई मशीनला चादर गुंडाळत होत्या. क्रेनचा माणूस फाटकापाशी मुकादमाशी बोलत उभा होता.

गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आता वायसर नवं होतं, वासही उद्यापर्यंत गेला असता. ही जागा पाण्याच्या नळाजवळची, सावलीची, बाजारापासून चालत जाण्याजोगी. अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती, आणि ती सोडायची म्हणजे शेवटी जावयाच्या दारात जायचं! त्यांचा पाय निघेना. पण त्यांची गाडी चालत होती आणि बाईंची चालत नव्हती, या एका गोष्टीपुढे त्यांची कोणतीच सबब टिकेना.

"मुकादम, क्रेन परत पाठवा. वास माझ्या पेटीचा होता."

मुकादमाने डोळे बारीक केले. "काल तर बाईंचा म्हणालात. आज काय झालं? बाईंनी काही देऊ केलंय का तुम्हाला?"

"काही नाही. या, दाखवतो."

त्यांनी मुकादमाला पेटी दाखवली. झाकणाची रबरी पट्टी, भोकांच्या कडेला चिकटून राहिलेली पुट्टी, लेकीने बदलून पेटीतच टाकलेलं जुनं चपटं वायसर. मुकादमाने पेटीत तोंड घालून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"एवढी वर्षं लोक जाळीची पेटी करतायत, ते वेडे होते?" तो म्हणाला. "हलवा गाडी. आत्ताच्या आत्ता. पण यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी आजच सांगून ठेवतो."

किल्लीवाल्यांनी नळी सोडवली, डब्यावर टोपण बसवलं, झाकणाची पट्टी ओरबाडून काढली. मग ते बाईंच्या गाडीपाशी गेले.

"तुम्ही राहा. क्रेन येत नाही. मी जातोय."

बाईंच्या हातातली दोरी तशीच राहिली. "तुम्ही? का?"

"चूक माझी होती."

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि आता काय पाहिजे तुम्हाला माझ्याकडून?"

"काही नको."

"असं होय," असं म्हणून बाईंनी काच वर केली.

बाईंचा राग येण्याइतकाही हक्क किल्लीवाल्यांना उरला नव्हता. ते गाडीत बसले, फाटकाबाहेर आले, रस्त्याच्या कडेला थांबले आणि त्यांनी पुन्हा लेकीला फोन लावला.

"मला इथून काढलं. तुझ्याकडे येतोय."

"कोण, तुम्ही? स्वतःहून?" ती घाबरल्यासारखी झाली. "बाबा, खरं सांगा, कुठे निघालात?"

"खरंच येतोय, बाळ."

"इंजिनचा आवाज येतोय मला. आधी ते बंद करा. तुम्ही हलू नका, मीच येते तिथे."

पत्ता पाठ होता, रस्ता माहीत होता, पेट्रोलही पुरेसं होतं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"केलं बंद," ते म्हणाले.

"मी येईपर्यंत फोन ठेवायचा नाही," लेक म्हणाली. तिच्या चपलांचा जिन्यावरून पळत उतरल्याचा आवाज आला, आणि किल्लीवाले फोन कानाला घट्ट धरून बसून राहिले.