काळा बोकड हरवला आहे

होटगीच्या रेल्वे फाटकावर आमचा बोकड हरवला. तो नेहमीसारखा पुढे गेला, मधेच मालगाडी आली आणि मेंढरं अलीकडे राहिली. गाडी गेल्यावर पलीकडे बोकड नव्हता. मेंढरं त्याच्या मागे चालतात. तो नाही म्हटल्यावर एकही फाटक ओलांडेना. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ढकलून पाहिलं आणि शेवटी कळप घरी आणला. गावातला चारा संपत आला होता, चारणीला बाहेर पडायचं होतं.

घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच, म्हणून पेपरात जाहिरात द्यायचं माझ्याकडे आलं. आम्ही शुक्रवार पेठेत छोट्या जाहिराती घेणाऱ्या काकांकडे गेलो.

"काय हरवलं? मार्कलिस्ट?"

"बोकड," मी म्हणाले.

त्यांनी शांतपणे कागद ओढला. "रंग?"

"काळा."

"खूण?"

मी दादांकडे पाहिलं. आमच्यात जनावराच्या कानाला घरची खूण असते.

"ती न्हाय सांगायची," दादा म्हणाले. "छापली की कुणीबी जाऊन म्हणंल, माझाच हाय. फोन आला की मी इचारतो, कान कसा हाय."

"मामा, बोकडाची तोंडी परीक्षा घेताय व्हय?"

"त्याची न्हाय. फोन करणाऱ्याची."

जाहिरात छापून आली: 'काळा बोकड हरवला आहे. खूण मालकास माहीत आहे. सापडल्यास फोन करावा.' वर एक हरवलेली गुणपत्रिका होती, खाली कुणीतरी नाव बदललं होतं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. मला जरा बरं वाटलं.

फोन बरेच आले. एकाने पांढरा चालेल का विचारलं. एकजण म्हणाला, "कानाचं ऱ्हाऊ द्या, विकायचा हाय का?" बाकीचे कानावर नापास झाले.

मग होटगीच्या रेल्वे क्वार्टरमधून एका बाईंचा फोन आला. "दादा, कान-बिन मला कळंना. पण हा आल्यापासनं आमच्या शेळ्या माझं ऐकंनात. ह्याच्याच मागं फिरायल्यात."

"आलो," दादा म्हणाले.

वाटेत मी विचारलं, "कान नाही विचारला?"

"आता काय इचारायचं?"

तिथे पोचल्यावर त्यांनी कान तपासला मात्र. आम्ही बोकड घेऊन निघालो, तेव्हा बाईंना आपल्या शेळ्या बांधून ठेवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडं होतं. बोकड पुढे झाला. मेंढरांनी काहीच विचारलं नाही.