खड्डा खणणारे सुपडूनाना

सुपडूनानांना सारा खानदेश अहिराणी नाटकांतले हसवणारे नट म्हणून ओळखतो. माझी आणि त्यांची पहिली ओळख मात्र रडण्याच्या दिवशी झाली.

आमची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. आम्ही तेव्हा धुळ्यात नुकतेच राहायला आलो होतो. बायकांनी आत जायचे नाही अशी रीत होती, म्हणून मी पांझरेकाठच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिले. खरे तर बाळंतिणीने तिथवरही यायला नको होते, पण मी कोणाचे ऐकले नाही. थोड्या वेळाने आतून एक काटकुळे, धुळीने भरलेले तरुण गृहस्थ बाहेर आले. खड्डा त्यांनीच खणला होता. ते चार हातांवर थांबले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, लिंबना झाडखाले ठेयेल शे. दुपारले तठे सावली ऱ्हास."

एवढेच बोलून ते परत आत गेले. त्या दिवसांत मला पुष्कळांनी समजावले. कोणाचा एक शब्दही आज आठवत नाही. पण माझे लेकरू नेमके कुठे आहे, हे मला सांगावे असे एकट्या नानांना वाटले. नानांच्या पंच्याहत्तरीला निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला लिहिले आहे की, नानांच्या "सुरुवातीच्या कष्टांवर" दोन ओळी पुरेत, बाकी त्यांच्या कलेविषयी लिहावे. समितीचा मान ठेवून सांगते, मला दोन ओळींत ते जमणार नाही.

नाना सोनगीरजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या आधीची तीन भावंडे राहिली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्यांना सुपात घालून ओढले आणि सुपडू नाव ठेवले. काम शोधत ते धुळ्याला आले. दफनभूमीतल्या म्हाताऱ्या खणणाऱ्याला हाताखाली माणूस हवा होता. तिथे नानांनी नऊ वर्षे काढली. कोणत्या समाजाची माणसे निजवतात, कोणाची बसवतात, कोणाचे डोके कोणत्या दिशेला करतात, लहान मुलांसाठी किती खोल जायचे, हे सगळे ते त्या म्हाताऱ्याकडून शिकले. गावाकडे आईला मात्र त्यांनी बागकामाला लागल्याचे सांगितले होते. आईला ते खरेच वाटले. दर सणाला ती मोगऱ्याचे नाहीतर कण्हेरीचे रोप मागायची, आणि नाना ते विकत घेऊन न्यायचे. "मना पोऱ्याना हातले गुन शे," असे ती गावभर सांगायची. आईच्या अंगणातली ती बाग फुललेली मी स्वतः पाहिली आहे.

माझे यजमान, शिवगीर, एका छापखान्यात नोकरी करत आणि संध्याकाळी पेटी वाजवून एक लहानशी नाटकमंडळी चालवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलीला जाऊन महिना झाला असेल. एकदा ते लिंबापाशी बसून घरी आले तेव्हा हसत होते. मला रागच आला. तेव्हा त्यांनी सांगितले की तिथे खणणारा माणूस एका दगडाशी भांडत होता. टिकाव मारायचा आणि दगडाला विचारायचा, "काबरं निघत नही रे? तुना बापनी जागा शे का?" मग दगडाच्या वतीने उत्तरही द्यायचा, वेगळ्या आवाजात, फार उर्मटपणे. मास्तरांनी ते सगळे मला करून दाखवले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मीही हसले.

दुसऱ्याच आठवड्यात मास्तर नानांना घरी घेऊन आले. नानांनी एकच अट घातली: "कोणी गेलं तर आधी तिकडे जाईन, मग नाटकात." ती अट त्यांनी कधी सोडली नाही. चाळीसगावच्या एका प्रयोगाला ते नवरदेवाच्या भूमिकेत उभे राहिले तेव्हा त्यांच्या नखांत दुपारची माती होती. मंडळीकडे एकच बरा कोट होता. मास्तरांची आणि नानांची उंची सारखी, म्हणून तो दोघांना होई. पहिल्या अंकात मास्तर घालत, दुसऱ्यात नाना.

नानांना तेव्हा वाचता येत नसे. माझी शाळा चौथीत सुटली, पण छापखान्यातून येणारे कागद वाचून वाचून मी बरीच पुढे गेले होते. नानांचे संवाद मी स्वयंपाक करता करता त्यांना वाचून दाखवायची. दोनदा ऐकले की त्यांचे पाठ. त्यांनी या उपकाराची फेड अशी केली की, पुढे नाव झाल्यावर ते ज्या गावी प्रयोगाला जात तिथून माझ्यासाठी एक पुस्तक आणत. दुकानदाराला म्हणत, "आमनी अक्काले वाचाले द्या काहीतरी जाडं." त्यामुळे माझ्याकडे सुतारकामाचे, कायद्याचे आणि गाईंच्या रोगांचेही पुस्तक आहे. मी तिन्ही वाचली आहेत.

पुढे नानांचे नाव मोठे झाले. आधी जत्रांतून, मग सिनेमांतून, आणि आता मोबाईलमुळे घराघरांत. मध्यंतरी जळगावला प्रसिद्ध माणसांच्या पहिल्या नोकऱ्यांवर एक कार्यक्रम झाला. मंचावरच्या एका गायकांनी बसस्टँडवर उकडलेली अंडी विकली होती, एका नटीने लग्नांत मेंदी काढली होती. लोक कौतुकाने हसत होते. नाना म्हणाले, "मी मेलेल्यांसाठी खड्डे खणायचो." लोकांना तो विनोद वाटला आणि सभागृह दणाणले. नाना काही न बोलता थांबले. हसणे आपोआप विरले. निवेदिका गडबडून म्हणाली, "भीती नाही वाटायची?" नाना म्हणाले, "मेलेल्याची काय भीती, ताई? मागे राहिलेल्याच्या तोंडाकडे बघवत नाही." मग पुढे म्हणाले, "माणूस किती वेळ गप्प राहतो आणि कधी हसायला तयार होतो, ते मी तिथेच शिकलो. त्याच्या आधी विनोद मारला तर मार बसतो."

आता मास्तर गेले त्या दिवसाविषयी. त्याला चार वर्षे झाली.

आम्ही गोसावी. आमच्यात माणसाला मांडी घालून, पूर्वेकडे तोंड करून बसवतात आणि भोवती मीठ भरतात. मास्तरांनी आजारपणात माझ्याकडून दोनदा वचन घेतले होते, "मला बसव. निजवू नकोस, निजून कंटाळलोय." पहाटे ते गेले तसे आम्ही त्यांना लगेच बसते केले, बेल-विभूती लावली आणि डोलीत बसवून नेले. या वेळी मीही आत गेले. कोणी अडवले नाही.

आत जाऊन पाहतो तर खड्डा लांब. निजवण्याचा, कमरेएवढा. जुने खणणारे कोणी उरले नव्हते. सुरतेहून आलेल्या आमच्या पुतण्याने खोदकामाच्या मशीनवाल्याला फोनवर "खड्डा पाहिजे" एवढेच सांगितले होते. वडीलधाऱ्यांना वाटले त्याला माहीत आहे, त्याला वाटले सगळे खड्डे सारखेच. मशीन निघून गेले होते, ऊन चढत होते. पुतण्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, आता निजवून देऊ का? काकांना काय कळणार आहे?"

मी मास्तरांना वचन दिले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत मोडत होते.

तेव्हा मागून नानांचा आवाज आला, "मास्तरले बठाडनं शे, निजाडनं नही. टिकाव आना."

नाना तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. सहाच महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी पांढरा सदरा काढून पुतण्याच्या हातात दिला आणि खड्ड्यात उतरले. एका टोकाला त्यांनी गोल आखला आणि खणायला लागले. लोक मोबाईल काढून उभे राहिले. नानांनी वर पाहिले. "भो, मोबाईल खिसामा ठेव आनि घमेलं धर." पाच मिनिटांत सगळे मोबाईल खिशात गेले आणि मातीची घमेली हातोहात वर येऊ लागली.

दीड तास गेला. मग नाना थांबले आणि त्या खड्ड्यात स्वतः मांडी घालून, पूर्वेकडे तोंड करून बसले. एक म्हातारे ओरडले, "नाना, उठा! जित्या माणसाने असं बसू नये!"

"माप असंच घेतात, आबा," नाना म्हणाले. "मास्तर आणि मी एकाच कोटातले. माझं डोकं दिसतंय का तेवढं सांगा."

डोके दिसत नव्हते. माप बरोबर होते.

पण नानांना उठता येईना. गुडघा अडकला होता. ते खालून म्हणाले, "इतला साल उतरनू नि मना मीच वर ऊनू. आज पहिल्यांदा वर काढाले मानसे लागतीन." चौघांनी हात दिले. त्यांत एक हात माझा होता. त्या दिवशी मी कोणाला शिवावे की नाही, याचा विचार कोणी केला असेल, मी केला नाही. नाना वर आले. मग मास्तरांना आम्ही बसवले, त्यांनी सांगितले होते तसे.

नानांच्या पंच्याहत्तरीला शंभर वर्षांचे आशीर्वाद देणारे पुष्कळ मोठे लोक येतील. मी वयाने त्यांच्याहून लहान आहे, आशीर्वाद देण्याचा माझा अधिकार नाही. मी देवाकडे एवढेच मागते की नानांचा आवाज असाच खणखणीत राहो, त्यांचे गुडघे त्यांचे ऐकोत, आणि आपल्या माणसांसाठी ते जिथे कुठे उतरतील, तिथून त्यांना वर घ्यायला आम्हा सगळ्यांचे हात खूप वर्षे पुरोत.