नवऱ्याच्या हातची चूक

मोटारींच्या कारखान्यात ती दारं तपासायची. गाड्या पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यावर तिच्या आधीच्याच जागी तिचा नवरा दाराभोवती रबराची पट्टी बसवायचा. नवऱ्याने बसवायचं आणि बायकोने चुका काढायच्या, यावरून कँटीनमध्ये दोघांची रोज थट्टा व्हायची.

चूक सापडली की तिने लाल चिठ्ठी चिकटवायची आणि गाडी पुढे जाऊ द्यायची, अशी जुनी पद्धत. दुरुस्ती मागच्या शेडमध्ये. पण शेडमध्ये आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. गाड्या वेळेवर बाहेर पडत नव्हत्या आणि दुसरी पाळी बंद होऊन माणसं कमी होणार अशी कुजबुज होती. तेव्हा नव्या इंजिनिअरने पट्ट्यावरून एक दोरी बांधून घेतली. चूक दिसली की कुणीही दोरी ओढायची, काम थांबवायचं आणि चुकीचं मूळ तिथेच शोधायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोरीला मात्र कुणी हात लावला नाही. वाईटपणा कोण घेणार?

एका दुपारी दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबर पुन्हा सुटलेलं दिसलं. कितीतरी दिवस ती त्याच कोपऱ्यावर चिठ्ठ्या लावत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे.

तिने दोरी ओढली.

एवढा मोठा पट्टा जागच्या जागी थांबला. मुकादम धावत आला, कोपरा पाहिला आणि घरची भांडणं घरी मिटवा म्हणाला. ती हटली नाही. त्या दिवशी तिने आणखी दोनदा काम थांबवलं.

संध्याकाळी नवरा तिला मागे टाकून घरी पोचला. प्रकार कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, कारखाना थांबवलास ते ठीक, आता चहा तेवढा थांबवू नकोस. कुणी हसलं नाही.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस," तो शेवटी म्हणाला.

"मी दार बघितलं, माणूस नाही. ती शेड अशीच भरत राहिली तर दोघंही घरी बसू."

तो सदरा काढायला लागला, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कधीपासून दुखतंय, असं तिने विचारलं. पट्ट्यावरून काढून टाकतील या भीतीने त्याने ते घरातही कळू दिलं नव्हतं.

"उद्या मी पुन्हा दोरी ओढणार आहे," ती म्हणाली. "खांद्याचं तुम्ही सांगा. मी सांगणं बरं दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी कोपरा सुटला, पट्टा थांबला. इंजिनिअर आला. चूक कुणाची, हे त्याने विचारलंच नाही. असं का होतं, एवढंच विचारलं. नवरा आधी घुटमळला, मग बोलला. रबराची पेटी पाठीमागे, जमिनीवर होती. प्रत्येक गाडीला वळायचं, वाकायचं. दुपारपर्यंत खांदा इतका दुखायचा की शेवटचा कोपरा दाबायला हातात जोरच राहत नसे.

इंजिनिअरने बाह्या सरसावल्या आणि त्याच्या जागी स्वतः रबर बसवायला उभा राहिला. थोड्याच गाड्यांत तो घामाघूम झाला. मग पेटीसाठी पाइपांची घडवंची करायची ठरली. पहिली उंच झाली, दार तिच्यावर आपटायला लागलं. कुरकुरणाऱ्या मुकादमानेच ती कापून कमरेच्या उंचीवर, नवऱ्याच्या समोर आणून बसवली.

कोपरा सुटायचा बंद झाला. हळूहळू इतरांचेही हात दोरीकडे जाऊ लागले. सुरुवातीला पट्टा सारखा अडखळायचा. पण चुका मुळातून गेल्या तसं थांबणं कमी झालं आणि गाड्या पूर्वीपेक्षा जास्त बाहेर पडू लागल्या. शेड रिकामी झाली. दुसरी पाळी वाचली. नवऱ्याला खांद्याच्या उपचारासाठी रजा मिळाली आणि परत आल्यावर जागाही तीच मिळाली. रुसवा मात्र खांद्यापेक्षा जास्त दिवस टिकला.

पुढे रंगाच्या विभागातही दोरी बांधायची ठरली आणि लोकांना ती ओढायची सवय लावायला इंजिनिअरने तिला तिकडे बोलावलं. तिने घरी विचारलं.

"जा की," नवरा म्हणाला. "पण जपून. तिथे कुणी नवरा नाही तुझा, ऐकून घ्यायला."

"मग सोपंच जाईल," ती म्हणाली.