परस्पर संमतीने

गोव्यात, कोरगावच्या फुटबॉल मैदानावर मी डाव्या बाजूचा बचाव सांभाळायचो. त्याच जोरावर एका सरकारी खात्याच्या संघात लागलो. सकाळी सराव आणि दुपारी ऑफिस. पगार बेताचा, पण कायम होण्याची ऑर्डर निघायच्या बेतात होती. तेवढ्यात परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबाने मला तीन सीझनसाठी बोलावलं.

वडील तेव्हा काजूच्या बागेतून नुकतेच आले होते. हात धुता धुता म्हणाले, "कायमची नोकरी सोडतलंस? पाय मोडलो तर कोण बघतलो?"

"करारात लिवलेला आसा, बाबा. लागला तरी पगार देवचो लागतलो."

ते खोटं नव्हतं. करार मी दोनदा वाचला होता, एका ओळखीच्या वकिलालाही दाखवला होता. तो म्हणाला, चांगला आहे, बिनधास्त सही कर. आमोण्याचा एक गोलकीपर माझ्यासोबतच त्या क्लबात गेला. आम्ही दोघे एकाच खोलीत राहायचो. तो मासळी रांधायचा, मी भांडी घासायचो. पहिला सीझन सुखाचा गेला. त्याच काळात माझं लग्न झालं.

दुसऱ्या सीझनला, सरावात, अंगावर कोणी आलेलंही नसताना, वळलो आणि गुडघ्यात काहीतरी सटकलं. आधी दुखलंच नाही. उठायला गेलो तर गुडघ्याखालचा पाय माझा नव्हताच. ऑपरेशनचा खर्च क्लबाने केला, तेवढं खरं. मग मला घरी पाठवलं. म्हापशाला व्यायामासाठी जायचो ते माझ्या पैशाने, बायकोच्या स्कूटरवर मागे बसून.

पगार यायचा थांबला. मॅनेजरला फोन केला की तो म्हणायचा, "अकाउंट्सला सांगतो." माझाच नव्हे, सगळ्यांचाच थांबला होता. गोलकीपर तिथे रोज सराव करत होता आणि घरभाड्यासाठी आमोण्याहून पैसे मागवत होता.

सीझन संपल्यावर मला बोलावणं आलं. मॅनेजरने चहा मागवला. गुडघा वाकवून दाखव म्हणाला, आपुलकीने बघितलं. मग एक कागद पुढे सरकवला. दोन्ही बाजूंच्या परस्पर संमतीने करार संपला, कोणाचं कोणाकडे काही देणं नाही, असा त्याचा अर्थ होता.

"आणि माझं थकलेलं?"

त्याने पेनाचं टोपण काढून पेन कागदावर ठेवलं.

"नाही केली सही तर?"

"तर तुझी नोंदणी आमच्याकडे अडकून राहील, दुसऱ्या क्लबाकडून खेळता येणार नाही. तक्रार कर, हक्क आहे तुझा. पण निकाल लागेपर्यंत तुझं वय काय होईल, विचार कर. सही केलीस तर आजच मोकळा." त्याच्या आवाजात धमकी नव्हती. डॉक्टर घरच्यांना सांगतात तसं सांगत होता. शेवटी म्हणाला, "मलाही पगार नाही रे मिळालेला."

मी बाहेर आलो. गोलकीपर व्हरांड्यात बसला होता, माझ्यानंतर त्याचा नंबर.

"सही करू नको," तो म्हणाला. "ह्यांचो कागद ह्यांकाच दी."

मी बायकोला फोन लावला. तिचे दिवस भरत आले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सही केल्यावर खेळायला मिळेल ना तुम्हाला?"

"मिळेल," म्हटलं आणि आत जाऊन सही केली. संमतीने. गोलकीपरने केली नाही.

मोकळा झालो, पण घेणारं कोणी नव्हतं. जिथे जायचो तिथे आधी गुडघ्याचा स्कॅन मागायचे, मग म्हणायचे, पूर्ण फिट झालास की ये. खात्यातल्या माझ्या जागी दुसरा मुलगा कायम झाला होता. आता मी मोपाच्या विमानतळावर सामान चढवतो. पायऱ्या उतरताना गुडघा कुरकुरतो. ते तिथे कोणाला सांगत नाही.

गोलकीपर तक्रार लढला. एक अख्खा सीझन तो कुठेच खेळू शकला नाही. भावाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जायचा, मधूनच वकिलाकडे पणजीला. गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. निकाल त्याच्या बाजूने लागला होता. सगळा थकलेला पगार त्याला द्यावा, असा.

मी त्याला मिठी मारली. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "जिंकलंय रे. पण घेऊ कोणाकडसून?"

क्लब चालवणारी कंपनी बंद झाली होती. संघ नव्या मालकाने घेतला, नवं नाव दिलं, आणि जुनी देणी आमची नव्हेत असं कळवलं. वकील म्हणत होता, थांबा, बघूया. इतके दिवस मला वाटायचं, मीही त्याच्यासारखं अडून बसायला हवं होतं. ते वाटणंही त्या दुपारी गेलं, आणि ते गेल्याने बरं काही वाटलं नाही.

बायकोने चहा आणला. आमची मुलगी त्याच्या मांडीवर चढून पेढ्याचा पुडा ओढत होती. तो मोबाइल चाळत होता. एकदम थांबला आणि माझ्यापुढे धरला. नव्या नावाच्या संघाने फोटो टाकला होता. लाटंबार्सेचा एक ओळखीचा मिडफिल्डर सही करत होता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता तोच मॅनेजर.

"फोन करूया त्याका?" गोलकीपर म्हणाला.

"करून काय सांगतलंस? वाचून सही कर? आपणय करार वाचलेलोच."

तरी त्याने फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे ढोल वाजत होते, घरी माणसं जमली होती. "दादा, तुमीच पयले फोन करणारे!" पोरगा ओरडला. "तुमी दोगांय थंय खेळल्यात, म्हणान माका लय धीर आसा."

गोलकीपरने माझ्याकडे बघितलं.

"अभिनंदन रे," तो म्हणाला. मीही वाकून फोनमध्ये म्हटलं, "अभिनंदन."